डोंगर वेगळा, थडी वेगळी

चिंचखोरी, तालुका पाटोदा
चैत्र वद्य ३, शके १८३१

राजश्री मोहनराव यांस राधाकिशनचा रामराम.

तुमचा कागद काल हरकाऱ्याने आणून दिला. सत्यभामेचं धर्मापुरीच्या सुंदररावांच्या घरी जमलं, वाचून मन भरून आलं. माझ्या मांडीवर बसून मुळाक्षरं गिरवलेली भाची आता सासरी जाणार. चतुराला सांगा, भाऊ म्हणून माझ्याकडून काही कमी पडणार नाही.

आता सुंदररावांच्या अटीविषयी. त्यांच्या थोरल्या सुनेच्या लग्नात मांडव भिजला आणि पोर वर्षाच्या आत गेली. म्हणून या खेपेला मांडवावर एक थेंब पडता कामा नये, मुहूर्त भटजींनी काढावा पण आभाळाची खातरजमा चिंचखोरीच्या राधाकिशनने द्यावी, असं ते म्हणतात. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, हे काय खूळ! मी तसं म्हणत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला आभाळाची भीती वाटणारच. आणि धर्मापुरीपर्यंत माझं नाव गेलं आहे याचा मला आनंद होत नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी कोणत्या मदरशात गेलो नाही. मराठी बोरूने शिकलो, उर्दू कचेरीच्या ओट्यावर बसून शिकलो आणि आभाळ छपरावर निजून शिकलो. देवळातला गुरव पाडव्याला भाकणूक सांगतो, तिचा आणि माझा संबंध नाही. तो सांगतो 'पीकपाणी बरं, राजा सुखी.' हे कोणीही सांगेल. माझ्या छपरावर पत्र्याचा पक्षी आहे, तो वारा येईल तिकडे चोच करतो. मी पक्षी पाहतो, ढगाचा बुडखा पाहतो, वीज कोणत्या खिंडीमागे लवते ते पाहतो आणि मग लिहितो. लोकांची मोठी चूक ही की ते आभाळ एकच समजतात. डोंगराचा अंदाज वेगळा, नदीकाठच्या थडीचा वेगळा. तुमची सिंदफणा आमच्याच डोंगरात जन्मते, पण आभाळ असली नाती मानत नाही. आमच्याकडे गारा पडतात तेव्हा तुमच्याकडे धुरळा उडत असतो.

तेव्हा मला नेमकं कळवा. मांडव कोणत्या जागी? तोंड कुठे? उत्तरेला झाडी आहे का? मोघम उत्तर चालणार नाही.

कळावे,
राधाकिशन

*

पिंपळथडी, तालुका माजलगाव
चैत्र वद्य ९

राधाकिशनराव, रामराम.

अहो, तुम्ही तर मोजणीच लावली! सरकारी अमीन आला असता तरी एवढं विचारलं नसतं. तुमची बहीण हसून हसून म्हणाली, "दादाला आता मांडवाची जन्मपत्रिका पाठवा."

गावातली लग्नं उत्तरेश्वर पाटलाच्या आमराईत लागतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. जागेची काळजी सोडा. जागा ऐसपैस, सपाट, पायाखाली गार, पाणी हाताशी. शंभर गाड्या सुटल्या तरी चाकाला चाक लागणार नाही. तोंड पूर्वेला. उत्तरेचं दक्षिणेचं काय करायचंय? तुम्ही वरचं सांगा, खालचं मी पाहतो.

सुंदररावांचा रोज निरोप येतो. माणूस वाईट नाही, पण पार धास्तावलेला आहे. परवा इथे आले होते. ओसरीवर बसून बोलता बोलता एकदम आभाळाकडे बघत राहिले. आभाळात काय होतं? एक घार. मी म्हटलं, "व्याही, घारीला भिऊ नका, तिला आमंत्रण न्हाई." हसले नाहीत.

तुमच्या कागदावर सगळं अडलं आहे. तो आला की ते शालू घ्यायला निघतील, नाहीतर पुढच्या सालावर जातील. आणि पुढच्या सालावर गेलेली सोयरीक परत येत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

तुमचा,
मोहनराव

*

चिंचखोरी
वैशाख शुद्ध ३

राजश्री मोहनराव यांस रामराम.

आज अक्षय्यतृतीया. दरसाल मी आजच्या दिवशी उन्हाळ्याचा अंदाज लिहितो आणि पाटोद्याच्या कचेरीतले कारकून त्याच्या नकला करून घेऊन जातात. यंदा पहिली नक्कल तुम्हाला.

डोंगर. यंदाची लक्षणं मला आवडलेली नाहीत. पहाट गार असायला हवी, ती कोंदट आहे. पक्षी दिवसभर पश्चिमेला चोच करून बसतो आणि दिवस कलला की एकाएकी गिरकी घेतो. असं मी फक्त एका साली पाहिलं होतं, त्या साली वडाची झाडं मुळासकट आडवी झाली होती. संध्याकाळी खिंडीमागे ढग उभे राहतात, बुडाशी काळे आणि माथ्याला फुलकोबीसारखे फुगलेले, आणि रोज थोडे अलीकडे येऊन विरतात. जनावर उडी मारण्याआधी मागे सरतं तसं ते मला दिसतं. वैशाखाच्या वद्यात बालाघाटावर भयंकर वळीव होईल. सटवा धनगराला मी बोलावून सांगितलं, "ओढ्यातला मेंढवाडा उचल आणि माथ्यावर ने." तो म्हणाला, "मालक, ओढ्यात तर धूळ हाय." मी म्हटलं, "बे, धूळ तुला दिसती, मला बी दिसती. उचल." उचलला त्याने.

थडी. तुमच्याकडे याच्या उलट. डोंगरावर उठलेला ढग घाट उतरून खाली येईल तोवर रिकामा झालेला असेल. ऊन कडक, वारा कोरडा, रात्री आभाळ निरभ्र. लग्नाच्या आठवड्यात तुमच्या मांडवावर एक थेंब पडणार नाही. हे मी अंदाजे म्हणत नाही, मिशीवर हात ठेवून लिहितो. सुंदररावांना शालू घ्यायला सांगा.

तुम्ही लिहिलेली खूण मला पटली. आमराईत पायाखाली गार असतं आणि विहीर हाताशीच आहे. फक्त पूर्वेकडच्या जुन्या आंब्याखाली चुली मांडू नका, त्याची फांदी पोकळ आहे, मागल्या खेपेला मी ठोकून पाहिली होती.

गुडघ्यामुळे मला घोड्यावर बसता येत नाही. गाडीने हळदीला पोहोचेन.

राधाकिशन

*

पिंपळथडी
वैशाख शुद्ध १०

राधाकिशनराव, तुम्ही गड जिंकला!

तुमचा कागद चावडीत मोठ्याने वाचला. डोंगराचा भाग वगळला, आमच्या कामाचा नव्हता आणि सुंदरराव उगाच घाबरले असते. थडीचा भाग दोनदा वाचायला लावला त्यांनी. मग कागद कपाळाला लावला आणि पहिल्यांदा माझ्या घरी पोटभर जेवले.

उत्तरेश्वर तोंड वाकडं करून म्हणाला, "आभाळाचा पाटील झाला काय तुमचा मेव्हणा?" मी म्हटलं, "झाला. तुमी जमिनीचे पाटील ऱ्हावा." सगळी चावडी हसली. आता गावात जो तो तुमच्या कागदाचा हवाला देतो. कुणी वाळवण घातलं, कुणी घर शाकारायला उघडं केलं. टरबूजवाल्यांनी तर नदीतल्या वाड्या महिनाभर आणखी ठेवायच्या ठरवल्या.

मांडवाचे खांब रोवले. असा मांडव या थडीला कुणी पाहिला नसेल. तुम्ही आलात की बघाल, आणि तेव्हा माझ्यावर रागावू नका म्हणजे झालं.

मोहनराव

*

पिंपळथडी
वैशाख वद्य ४

मामास सत्यभामेचा नमस्कार.

टरबूजवाला सिदू उद्या घाट चढून पाटोद्याच्या बाजाराला निघाला आहे. त्याच्या पाटीत हा कागद ठेवते. मामा, शुद्धलेखन तपासू नका. घाईत लिहिते आणि मेंदी लावायला बाया बसल्यात.

मला एक सांगायचंय. आप्पांनी सांगू नको म्हणून बजावलंय, पण तुम्हाला न सांगता माझ्यानं काही झालं न्हाई आजपर्यंत. मांडव आमराईत न्हाई. उत्तरेश्वर काका म्हणाले, "मोहनरावांनी येऊन एकदा विचारावं, मग आमराई त्यांचीच हाय." आप्पा म्हणाले, "माझ्या लेकीच्या लग्नाला मी त्याच्या दारात उभा ऱ्हाणार न्हाई." आणि मांडव नदीत घातला. सिंदफणेच्या वाळूत, डोहाच्या वरल्या अंगाला. झिरे खोदलेत, हातभर खणलं की गोड पाणी लागतं. दोन्हीकडं उंच दरड हाय, म्हणून वारा लागत न्हाई. रात्री वाळू इतकी गार पडती की बाया घरात निजायला तयार न्हाईत. आप्पा म्हणतात, तुमचा मामा आला की बोलंल, पण बघितल्यावर गप बसंल.

मायला मात्र चैन न्हाई. ती म्हणती, "नदीत कावून?" आप्पा म्हणतात, "तुझ्या भावानंच लिहून दिलंय, थेंब पडणार न्हाई." तुमच्या कागदापुढं ती तरी काय बोलणार?

व्याही मंडळी षष्ठीला येतील. तुम्ही आधी या, मामा. तुम्ही आलात की मला बरं वाटंल. संध्याकाळी पश्चिमेला विजा दिसतात, आवाज न्हाई, नुसत्या लवतात. आप्पा म्हणतात, डोंगराचं डोंगराकडं.

सत्यभामा

*

चिंचखोरी
वैशाख वद्य ६, दिवस मावळताना

राजश्री मोहनराव यांस राधाकिशनचा रामराम.

सटवा धनगर माझी घोडी घेऊन हा कागद आणतो आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढे लोक वेडंवाकडं बोलतील. माझा अंदाज कायम आहे. तुमच्या मांडवावर एक थेंब पडणार नाही, हे मी लिहिलं होतं आणि आजही तेच लिहितो. थडीवरचं आभाळ निरभ्र आहे, ते मला माथ्यावरून दिसतं. डोंगराविषयी जे लिहिलं होतं तेही अक्षरशः खरं ठरलं. तिसऱ्या प्रहरी पक्ष्याने गिरकी घेतली आणि खिंडीमागचा ढग अंगावर आला. आधी गारा, लिंबाएवढ्या, मग पाऊस. असा पाऊस मी जन्मात पाहिला नाही. सटव्याचा वाडा जिथे होता तिथे आता बैल बुडेल एवढं पाणी आहे. सुंदररावांच्या मनात माझ्या शब्दाविषयी किंतु राहू नये म्हणून हे सगळं आधी सांगतो. हा कागद दुसऱ्यांदा लिहिला आहे. पहिल्यावर शाई पसरली आणि तसा कागद व्याह्यांसमोर जाणं बरं दिसलं नसतं. पुढे पाठीवर पाहावे.

(पाठीवर)

सत्यभामेचा कागद सिदूने आज दुपारी माझ्या हातात दिला. मांडव नदीत आहे हे तुम्ही मला कळवलं नाही. मी जागा विचारली होती. चूक अंदाजात नाही, जागेत आहे. आमच्या डोंगरातले सगळे ओढे सिंदफणेत उतरतात. इथे पडलेलं पाणी रात्रभर चालून तुमच्या वाळूत येईल, आणि वर आभाळ निळंच असेल. तेव्हा हा कागद मिळताच माणसं, जनावरं, सामान वाळूतून काढून दरडीवर न्या. क्षणाचाही विलंब करू नका.

सटव्याला तोंडी काही सांगायचं नाही असं शपथ घालून बजावलं आहे. तो उलटसुलट सांगेल आणि घबराट होईल. कागदात सगळं आहे.

राधाकिशन

*

पिंपळथडी
वैशाख वद्य ८

मामास सत्यभामेचा नमस्कार.

माय हाय. मी हाय. व्याह्यांकडची माणसं सगळी हायेत. आप्पा सापडले न्हाईत.

सटवादादा काल दिवस उगवता उगवता आला. ओढे भरले म्हणून वळसा घालून आला. घोडीच्या तोंडाला फेस होता. त्यानं काही न बोलता कागद आप्पांच्या हातात दिला. तेव्हा मांडवात बाया हळद कांडत होत्या, सनई चालली होती, आणि आभाळ असं स्वच्छ होतं की त्याच्याकडं बघून कुणालाच काही वाटलं नसतं. आप्पांनी सगळ्यांसमोर कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला. "माझा अंदाज कायम आहे. तुमच्या मांडवावर एक थेंब पडणार नाही." सुंदरराव मामंजींनी हात जोडले. आप्पा म्हणाले, "बघा! रातोरात घोडं पाठवलं खातरजमेसाठी. याला म्हणतात माणूस." पुढं गारांचं आलं तिथं त्यांनी वाचणं थांबवलं. कागद घडी करून मुंडाशात खोवला.

सटवादादा तिथंच उभा. घामेजलेला, घोडीचा लगाम धरून. आप्पा म्हणाले, "बस की रे, चहा घे." तो म्हणाला, "मालक, पुढं वाचा की." आप्पा म्हणाले, "वाचलं की सगळं." तो माझ्याकडं बघाय लागला. त्याला तुमची शपथ होती, मामा, आणि तो शपथेला इतका भितो की तोंड उघडून मिटत होता. मी आप्पांच्या मुंडाशातून कागद ओढून घेतला. तुमचं अक्षर बघायचं म्हणून घेतला. उलटला. मागं लिहिलेलं बघितलं.

मी ओरडले. सटवादादाला तेवढंच पाहिजे होतं. तो असा ओरडला, "पानी! पानी आलं! बायामानसं वर काढा!" की सनईवाले वाजवता वाजवता पळाले. मायनं बायांना दरडीवर ढकललं, एकेकीच्या झिंज्या धरून. सुंदरराव मामंजी वर बघत होते, "कुठं हाय पानी? आभाळ तर कोरडं हाय." सटवादादानं त्यांना पाठुंगळीला टाकलं.

आप्पा वर आले होते, मामा. दरडीवर उभे होते माझ्याशेजारी, दम टाकत. मग म्हणाले, "देवक." देवक मांडवातच राहिलं होतं, खांबाला बांधलेलं. पंचपल्लव आणि वर कुऱ्हाड, तुम्हाला ठाऊक हाय. माय म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. दुसरं बसवू." आप्पा म्हणाले, "देवक सोडून आलो तर उत्तरेश्वर काय म्हणंल?" आणि उतरले. धावत न्हाई, चालत. मला हात केला की आलोच. तेव्हा वाळू कोरडी होती, झिऱ्यांतलं पाणी सुद्धा हललं नव्हतं. मग वरच्या वळणाकडून असा आवाज आला जसं गावातली सगळी जाती एकदम फिरावीत. पाणी आलं तसं दिसलं न्हाई. आधी काटक्यांचा, शेणाचा, मेलेल्या मेंढरांचा ढीग चालत आला आणि पाणी त्याच्यामागं. आप्पा खांबापाशी वाकले होते. त्यांनी मान वर केली ती आमच्याकडं, नदीकडं न्हाई.

दुपारपर्यंत उतरलं. आता पुन्हा वाळू दिसती, मधून पाण्याची एक धार. टरबुजाच्या वाड्या गेल्या. खांब एक उभा हाय.

सुंदरराव मामंजी काल संध्याकाळी निघाले. निघताना म्हणाले, "मांडव वरून भिजला न्हाई, खालून भिजला. आमची अट मोडली का न्हाई ते आमी घरी जाऊन ठरवतो." मला राग आला न्हाई. रागाला जागाच न्हाई उरली.

उत्तरेश्वर काका रात्रभर आमच्या ओसरीवर बसून होते. सकाळी माणसं आणि बैल घेऊन आले. म्हणाले, "वाळू उपसून काढतो मोहनरावाला. डोहापर्यंत खणतो. पण पोरी, तुझ्या मामाला विचार, वरून पुन्हा येनार हाय का? मला माझी माणसं घालवायची न्हाईत." पंचवीसएक माणसं काठावर कुदळी घेऊन उभी हायेत. काही खाली उतरली सुद्धा. माय त्यांच्याकडं बघत बसलीय. तिला आप्पा पाहिजेत, मामा. कसेही असले तरी पाहिजेत. म्हणती, "वाळूत एकटे कसे ऱ्हातील?"

म्हणून विचारते. डोंगरात अजून काय उरलंय? थडीचं लिहू नका, डोंगराचं लिहा. आणि मामा, एक ऐका. आधी काय करायचं ते लिहा. कारण मागून लिहा, न्हाईतर लिहूच नका.

सटवादादा तुमच्याकडं हा कागद आणतो आहे. त्याला इथून जायचं नव्हतं. त्याला काही बोलू नका.

सत्यभामा

*

वैशाख वद्य ९, सकाळ

कोणीही वाळूत उतरू नये. जे उतरलेत त्यांना हे वाचताच वर बोलाव.

उत्तरेश्वरांना सांग, आजची रात्र आणि उद्याचा दिवस दोन्ही काठांवर माणसं बसवा आणि कोणाला खाली जाऊ देऊ नका. चतुरा उठून जाऊ लागली तर तिला धर. तुझी आई आहे म्हणून सोडू नकोस.

सटवा हेच तोंडी सांगेल. त्याला बोलू दे. कागदात राहिलं असेल ते त्याला ठाऊक आहे.

मी गाडी जुंपली आहे. घाटाने येतो, काठाकाठाने.

मोहनरावांना आज शोधायचं नाही.

राधाकिशन